लुडविक फ्लेक : जंतूंचा आणि ज्ञानाचा अभ्यासक

ज्या शहराला तीन-चार नावे असतात त्या शहराचा इतिहास निराळा सांगावा लागत नाही. पोलिश लोक ज्याला ल्वूव म्हणत, जर्मन भाषिक लेंबर्ग म्हणत, रशियन ल्वोव म्हणत, ते शहर आज युक्रेन देशात ल्विव या नावाने नांदत आहे. गेल्या शतकाच्या प्रारंभी ते ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांताची राजधानी होते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि वरच्या कचेरीत तिसरी, हा तेथील नित्याचा व्यवहार. बडोद्यात ज्यांची पाच-सहा पिढ्यांची वस्ती आहे त्यांना त्यात नवल वाटू नये. एकच वस्तू तीन भाषांत तीन प्रकारे पाहिली जाते हे अशा गावातल्या मुलाला पुस्तकावाचून कळते. लुडविक फ्लेक यांचा जन्म या शहरात ११ जुलै १८९६ रोजी एका पोलिश ज्यू कुटुंबात झाला. वडील मौरित्सी यांचा घरे रंगविण्याचा धंदा होता. मुलाने पोलिश शाळेत शिक्षण घेतले, जर्मनही मातृभाषेसारखी आत्मसात केली आणि १९१४ साली, म्हणजे पहिले महायुद्ध पेटले त्याच वर्षी, शालान्त परीक्षा दिली.

विश्वविद्यालयात ते वैद्यक शिकू लागले; मध्ये लष्करात चाकरी झाली; १९२२ साली पदवी हाती आली. तत्पूर्वीच ते रुडॉल्फ वाइगल या संशोधकाचे साहाय्यक झाले होते. वाइगल यांचे आयुष्य टायफस या एकाच रोगाला वाहिलेले होते. हा टायफस म्हणजे आपला टायफॉइड नव्हे. तो उवांमधून पसरतो, आणि युद्ध, दुष्काळ, तुरुंग, जेथे जेथे माणसे दाटीने व मळक्या कपड्यांत राहतात तेथे तेथे माणसांना खाऊन टाकतो. त्याचा जंतू मृत माध्यमावर वाढत नाही, म्हणून वाइगल यांनी तो उवांच्या आतड्यांत वाढविला, त्या उवा माणसांच्या रक्तावर पोसल्या, आणि त्यांची आतडी कुटून लस तयार केली. पुढे जर्मन अंमलात याच संस्थेत उवांना आपले रक्त पाजून अनेक पोलिश विद्वानांनी जीव वाचविला. बानाख हे थोर गणिती त्यांत होते. फ्लेक यांनी टायफसची विद्या येथे घेतली. ती त्यांना कोणत्या ठिकाणी उपयोगी पडणार आहे याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

१९२३ साली फ्लेक यांचे विश्वविद्यालय सुटले ते सुटलेच. त्या वर्षी एर्नेस्टिना वाल्डमान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुढे रिशार्ड हा मुलगा झाला. इस्पितळाची प्रयोगशाळा, स्वतःची खासगी प्रयोगशाळा, आणि १९२८ पासून कामगारांच्या आजारपणाच्या विमा-निधीची प्रयोगशाळा, अशी त्यांची रोजची धाव. सकाळपासून रक्त तपासायचे, थुंकी तपासायची, काचेवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. मधे १९२७ साली सहा आठवडे व्हिएन्नाला जाऊन रक्तरसाचे शास्त्र अधिक शिकून आले. १९३५ साली, ज्यूंना सरकारी व निमसरकारी जागांवरून दूर करण्याचे वारे पोलंडमध्ये वाहू लागले, तेव्हा विमा-निधीची जागाही गेली आणि खासगी प्रयोगशाळा तेवढी उरली.

या साध्या, पोटापाण्याच्या कामातून एक मोठा विचार जन्मला. त्याची पहिली खूण १९२६ सालच्या व्याख्यानात दिसते. वैद्यकाच्या इतिहासाच्या मित्रमंडळापुढे फ्लेक बोलले ते असे की, इतर शास्त्रे नियमित गोष्टींचा अभ्यास करतात, वैद्यक मात्र बिघडलेल्या गोष्टींचा अभ्यास करते. दोन रोगी कधी सारखे नसतात. शेकडो निरनिराळ्या देहांतून एक रोग वेगळा काढून त्याला नाव द्यायचे हे काम केवळ डोळे उघडे ठेवून होत नाही. त्यात रोग्यांकडे पाहण्याची एक ठरावीक पद्धत आधीच गृहीत असते, आणि ती पद्धत काळाबरोबर बदलते.

हाच धागा धरून त्यांनी एक ग्रंथ लिहिला. एखादे शास्त्रीय सत्य कसे उपजते आणि कसे वाढते हा त्याचा विषय, आणि उदाहरण एकच : उपदंश. वरवर पाहता शास्त्रातले तथ्य उपजत नसते, ते असतेच आणि कोणी तरी ते शोधतो, असे आपण समजतो. फ्लेक यांनी नेमके तेच समजणे तपासावयास घेतले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा रोग युरोपात उसळला तेव्हा पंडितांनी १४८४ सालच्या वृश्चिक राशीतील शनि-गुरूच्या युतीला दोष दिला. धर्मोपदेशकांनी व्यभिचाराची शिक्षा ठरविले. पारा देणाऱ्या वैद्यांनी जो पाऱ्याने बरा होतो तो हा रोग, अशी व्याख्या केली. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतर हा रोग इकडे आला आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्याला फिरंगरोग हे नाव दिले. म्हणजे युरोपीयांनी ग्रहांकडे बोट दाखविले आणि आपण युरोपीयांकडे! (हे उदाहरण फ्लेक यांच्या ग्रंथातले नव्हे, माझे आहे, पण त्यांच्या म्हणण्याला ते चपखल बसते.) या सगळ्या कल्पनांच्या तळाशी आणखी एक जुनी समजूत चिवटपणे टिकून होती : या रोग्याचे रक्त नासलेले असते. ही समजूत कोणी सिद्ध केलेली नव्हती. पण ती शतकानुशतके लोकांच्या मनात असल्यामुळेच रक्तात काहीतरी सापडेल या आशेने पिढ्यान् पिढ्या वैद्य तेथे शोधत राहिले.

१९०५ साली शाउडिन यांना या रोगाचा मळसूत्री जंतू दिसला, आणि १९०६ साली बर्लिनच्या वासरमान यांनी नायसर व ब्रुक यांच्या साह्याने रक्ताची ती प्रसिद्ध परीक्षा मांडली, जिचे नाव पुढे अर्धशतक जगभरच्या दवाखान्यांत घेतले गेले. येथे फ्लेक यांचे लेखन फार रंगते, कारण ही परीक्षा ते स्वतः रोज करीत होते. ही संशोधनमोहीम सुरू झाली तीही एका प्रशियन अधिकाऱ्याच्या आग्रहामुळे. फ्रेंच लोक उपदंशाच्या संशोधनात पुढे जात आहेत, जर्मनांनी मागे राहू नये, ही त्याला चिंता. वासरमान यांनी उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला, कारण त्यात रोगजंतू भरपूर असणार आणि रोग्याच्या रक्तातले विरोधी द्रव्य त्यांच्याशी जुळणार, असे त्यांचे गणित. थोड्याच काळात असे आढळले की निरोगी अवयवांचा, अगदी बैलाच्या हृदयाचा मद्यार्कात काढलेला अर्कही तितकेच काम देतो. म्हणजे मूळ गणितच चुकीचे! शिवाय सुरुवातीच्या प्रयोगांत शंभर उपदंशी रक्तांपैकी पंधरा-वीसच परीक्षेला उतरत. पुढे मात्र अनेक देशांतल्या असंख्य प्रयोगशाळांनी अर्काचे प्रमाण, वेळ, मिश्रण यांत बारीकसारीक फरक करीत ते यश सत्तर-नव्वदांवर आणले. आणि इतके झाल्यावर खुद्द वासरमान यांना आपण पहिल्यापासून हेच शोधीत होतो असे प्रामाणिकपणे वाटू लागले.

खोट्या गृहीतावरून, पुन्हा करता न येणाऱ्या प्रयोगांतून, खरी आणि उपयोगी गोष्ट निघाली ती कशी? फ्लेक यांनी येथे दिलेला दृष्टान्त वाचून माझ्यासारखा गाण्याच्या धंद्यातला माणूस थबकलाच. ते म्हणतात की वासरमान यांच्या मनात एक सूर घुमत होता, पण तो बाहेरच्याला ऐकू येण्याजोगा नव्हता. ते आणि त्यांचे सहकारी आपली यंत्रे जुळवीत राहिले, जुळवीत राहिले, आणि शेवटी तो सूर कोणत्याही त्रयस्थालाही ऐकू येऊ लागला. आणखी एके ठिकाणी ते वाद्यवृंदाचा दाखला देतात. प्रत्येक वादकाचे वादन निरनिराळे ऐकून त्यांची बेरीज करणाऱ्याला त्या संगीताचा अर्थ लागणार नाही; तद्वत् एकेकट्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात शिरून ज्ञानाचा उगम सापडणार नाही.

ज्ञान हे एकट्याचे नसते, हा फ्लेक यांचा गाभा. दोन माणसे विचारांची देवघेव करू लागली की तेथे एक विचारसमूह उभा राहतो. त्याची एक विचारशैली घडते. कोणता प्रश्न विचारण्याजोगा, कोणता पुरावा पुरेसा, कोणती गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी, हे ती ठरविते. समूहाच्या आतल्या वर्तुळात थोडे तज्ज्ञ असतात, बाहेरच्या वर्तुळात सुशिक्षित सामान्य लोक. आतले लोक शंका, जर-तर, अपवाद यांच्यासह बोलतात. तेच बाहेर येताना सोपे, ठाशीव आणि निःशंक होते. आणि मग नवल असे की बाहेरच्यांचा तो निःशंकपणा परत आत जाऊन तज्ज्ञांनाही धीर देतो. वर्तमानपत्रांतील शास्त्रविषयक मजकूर वाचणाऱ्याने हे एकदा मनाशी घोळवून पाहावे.

आपण लगेच म्हणू, म्हणजे आपली घराणीच की! मलाही प्रथम तसेच वाटले. माझे वडील दरबारी गवई होते. एकाच रागातला एकच स्वर दोन घराण्यांचे गवई दोन जागी लावतात आणि दोघेही दुसऱ्याचा कान कच्चा समजतात, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. पण साम्य एका मर्यादेपर्यंतच आहे. घराण्यात मनुष्य जन्माने किंवा गंड्याने शिरतो आणि आपण घराण्यात आहोत हे त्याला माहीत असते. फ्लेक यांच्या समूहातील माणसाला आपण कोणत्याही शैलीत आहोत हे जाणवतच नाही. त्याला वाटते, मी केवळ जे आहे ते पाहतो आहे.

पाहण्यासंबंधी त्यांनी जे लिहिले ते शिकवणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्याजोगे आहे. नवख्या विद्यार्थ्याला घटसर्पाच्या जंतूंची काच सूक्ष्मदर्शकाखाली दिली तर त्याला काहीच दिसत नाही. रेघा, डाग, रंग यांचा गोंधळ दिसतो. नेमके काय पाहायचे हे शब्दांत सांगून भागत नाही. बरेच दिवस जाणत्याच्या शेजारी बसून, चुकत, टोकले जात, एके दिवशी आकृती एकदम उभी राहते, आणि मग तो विद्यार्थी ती न पाहू म्हणाला तरी त्याला पाहावीच लागते. त्याच वेळी पूर्वी दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी दिसेनाशा होतात. जुन्या शरीरशास्त्राच्या चित्रांवर फ्लेक यांचा असाच रोख आहे. स्वतःच्या हातांनी प्रेते फाडणाऱ्या शास्त्रज्ञांनी स्त्रीच्या जननेंद्रियांची चित्रे पुरुषांच्या इंद्रियांचा उलटा साचा असल्याप्रमाणे काढली, कारण तशी कल्पना चालत आली होती. ते आळशी नव्हते, आंधळेही नव्हते.

माझ्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ऐक म्हणून सांगतो, तेव्हा तो आज्ञाधारकपणे मान हलवितो. त्याला काही ऐकू आलेले नसते. सहा महिन्यांनी येतो, आणि मग जन्मभर येतच राहतो. पण येथेच फ्लेक यांच्या विचारातील अवघड जागा लागते. तो स्वयंभू गंधार तारेत खरोखर आहे, नादशास्त्राची उपकरणे तो दाखवितात; मी तो मुलाच्या कानात भरविलेला नाही. मग शिकवून दिसणाऱ्या सगळ्याच गोष्टींना एका तराजूत कसे घालायचे? फ्लेक यांना हा आक्षेप ठाऊक होता. त्यांचे उत्तर असे की प्रत्येक ज्ञानात काही दुवे माणसांनी निवडलेले असतात आणि काही त्या निवडीनंतर टाळता न येणारे असतात. कोणता अर्क, कोणता प्रश्न, हे आपण निवडतो. त्यानंतर नळीत काय घडेल ते आपल्या मर्जीवर नसते. जेथे विचाराला अडथळा लागतो, मनाला येईल तसे पुढे जाता येत नाही, तेथे आपण तथ्य म्हणतो. हे उत्तर प्रामाणिक आहे, परंतु पुरते समाधान करीत नाही असे माझे मत. अडथळा निसर्गाचा की समूहाच्या सवयीचा, हे आतल्या माणसाने ओळखावे कसे? याचा जो दाखला पुढे खुद्द फ्लेक यांच्या वाट्याला आला तो कोणत्याही तत्त्वज्ञाने कल्पनेने रचला नसता.

ग्रंथ १९३५ साली जर्मन भाषेत, पण स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्रसिद्ध झाला. हिटलरच्या जर्मनीत ज्यू लेखकाला दार बंद होते. काही वैद्यकीय नियतकालिकांनी दखल घेतली, पोलंडात थोडे वादविवाद झाले, तत्त्वज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. मग युद्ध आले.

१९३९ साली ल्वूव सोव्हिएट अंमलाखाली गेले, तेव्हा फ्लेक यांना अखेर वैद्यकीय विद्यालयात अध्यापनाची जागा मिळाली. ती दोन वर्षेही टिकली नाही. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरले. फ्लेक यांच्या दोन्ही बहिणी व त्यांचे पती मारले गेले. ज्यूंना एका कोंडवाड्यात घालण्यात आले आणि तेथे टायफसने थैमान घातले. उवा पोसण्याची साधने नाहीत, प्राणी नाहीत, औषधे नाहीत. ज्यूंच्या इस्पितळातील त्या तुटपुंज्या प्रयोगशाळेत फ्लेक यांनी हेरले की टायफसच्या रोग्याच्या मूत्रात त्या रोगाचे विशिष्ट द्रव्य उतरते. त्यावरून त्यांनी निदानाची एक रीत काढली आणि त्याच मूत्रापासून लस बनविली. ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मूत्राला तेथे तोटा नव्हता, रोग्यांनाही नव्हता.

जर्मनांना याची वार्ता लागली. टायफसची त्यांना फार भीती, कारण त्यांचे सैन्य रशियाच्या आघाडीवर उवांनी भरले होते. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी फ्लेक यांना एका औषधांच्या कारखान्यात लस बनविण्याच्या कामाला जुंपले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पत्नी व मुलासह आउश्वित्झला पाठविले. तेथे त्यांना रक्त तपासण्याच्या कामावर बसविण्यात आले. विद्येमुळे प्राण वाचले म्हणावे, तर त्या विद्येचा उपयोग कोणासाठी होत होता तेही डोळ्यांपुढे होते. जानेवारी १९४४ मध्ये त्यांना एकट्याला बुखेनवाल्डच्या छावणीत हलविले. तेथील पन्नास क्रमांकाच्या बराकीत डिंग-शुलर नावाचा एस. एस. डॉक्टर कैद्यांकडून टायफसची लस बनवून घेत होता.

फ्लेक तेथे पोहोचले तेव्हा लस बनविणारा गट काम करीतच होता. त्यात काही डॉक्टर होते, बाकीचे निरनिराळ्या व्यवसायांतले. या विशिष्ट कामाचा जाणकार एकही नाही. पुस्तकांतील कृती पुढे ठेवून ते रोग प्राण्यांत संक्रमित करीत, सशांच्या फुफ्फुसांचे लेप काचेवर घेऊन रंगवीत आणि त्यांत टायफसचे जंतू मोजीत. फ्लेक यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांना कळले की तेथे टायफसचा जंतू नाहीच. ते पांढऱ्या पेशींतील कण आहेत. गटातील माणसे लबाड नव्हती. एकाने बिचकत म्हणावे, हे असावे. दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यावा. चुकीची जबर शिक्षा होण्याची भीती, वरिष्ठाची घाई, एकमेकांना धीर देण्याची गरज, आणि पुस्तकातील चित्र समोर. असे होता होता पुस्तकात ज्या ज्या अवस्था वर्णिल्या होत्या त्या सर्व त्यांना क्रमवार दिसू लागल्या. सारा डोलारा आतून सुसंगत होता. फक्त त्यात जंतू नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ल्वूवमध्ये बसून जे लिहिले होते ते काटेरी तारांच्या आत शब्दशः घडलेले फ्लेक यांना पाहावयास मिळाले.

फ्लेक गप्प राहिले. निकामी लस एस. एस. सैन्याकडे जात राहिली आणि थोडी खरी लस तयार होऊन ती सोबतच्या कैद्यांना टोचली जाऊ लागली. यात कोणी किती जाणूनबुजून केले याविषयी वाचलेल्या कैद्यांच्या आठवणी एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते हे की, तो भ्रम फ्लेक यांना ओळखता आला तो ते समूहाबाहेर होते म्हणून नव्हे, तर वाइगल यांच्या हाताखाली दुसऱ्या समूहात त्यांची नजर तयार झाली होती म्हणून. एक तालीम दुसऱ्या तालमीला तपासते. माझ्या गंधाराच्या शंकेवर फ्लेक यांच्या ग्रंथापेक्षा या बराकीतील हकीकतीने मला अधिक उजेड दिला. युद्धानंतर १९४६ साली एका पोलिश नियतकालिकात त्यांनी हा प्रसंग लिहिला. त्यात छावणीचे हाल जवळजवळ नाहीतच. एका प्रयोगाची नोंद लिहावी तसे ते लेखन आहे.

११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली. पत्नी व मुलगाही जिवंत राहिले होते. तिघे पुन्हा एकत्र आले. ल्वूव आता सोव्हिएट हद्दीत गेल्याने परतण्याचा प्रश्नच नव्हता. फ्लेक लुब्लिनच्या नव्या विश्वविद्यालयात जंतुशास्त्राचे अध्यापक झाले, १९५२ पासून वॉर्सा येथील माता-बालक संस्थेत विभागप्रमुख, पोलिश शास्त्र-अकादमीचे सभासद. दाह झाल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशी एकत्र जमतात या घटनेचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. न्यूरेंबर्ग येथे आय. जी. फार्बेन कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला तेव्हा तज्ज्ञ साक्षीदार म्हणून त्यांना बोलावण्यात आले. त्यांचे वैद्यकीय लेख शंभरावर भरतात, आणि त्या काळच्या त्यांच्या सहकाऱ्यांना ते उत्तम जंतुशास्त्रज्ञ म्हणूनच ठाऊक होते.

१९५६ साली हृदयविकाराचा झटका आला, शिवाय कर्करोगाचे निदान झाले. मुलगा इस्रायलमध्ये स्थायिक झाला होता. पुढल्या वर्षी पतिपत्नी तिकडे गेली आणि फ्लेक नेस झिओना येथील जीवशास्त्रीय संशोधनसंस्थेत काम करू लागले. तेथे ५ जून १९६१ रोजी दुसऱ्या झटक्याने त्यांचा अंत झाला.

पुढल्याच वर्षी, १९६२ साली, अमेरिकेत थॉमस कून यांचा शास्त्रीय क्रांतीवरील गाजलेला ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत फ्लेक यांच्या अपरिचित ग्रंथाने आपले बरेच विचार आधीच मांडले होते अशी कबुली आहे. कून यांना तो ग्रंथ सापडला तोही रायखेनबाख यांच्या एका पुस्तकातील तळटीपेवरून. त्या एका ओळीमुळे लोक फ्लेक यांना शोधू लागले. १९७९ साली इंग्रजी भाषांतर शिकागोहून निघाले, त्याला प्रस्तावना कून यांचीच. पाठोपाठ जर्मनीत मूळ ग्रंथ पुन्हा छापला गेला. विज्ञानाचे समाजशास्त्र शिकविणारे आज त्यांना आपल्या विद्येचे आद्य पुरुष मानतात. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९६० मध्ये, आजारी फ्लेक यांनी विज्ञानापुढील संकटावर एक छोटा निबंध लिहून इंग्रजी नियतकालिकांकडे धाडला होता. तो साभार परत आला. छापला गेला तो १९८६ साली.